जखम माशाची, उपचार पाण्याचा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही निपाणीस राहतो. मुलाच्या आठव्या वाढदिवसानिमित्त बारा दिवसांपूर्वी बेळगावहून दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी काचेची टाकी आणली. तिच्यासोबत दोन गोल्डफिश, दोन टायगर बार्ब आणि काच स्वच्छ ठेवतो म्हणून दुकानदारांनी दिलेला एक सकर असे पाच मासेही आणले. त्याच संध्याकाळी नळाचे पाणी भरून ते टाकीत सोडले. पाचव्या दिवशी पाणी दुधाळ झाले. दुकानदारांना फोन केला असता त्यांनी सगळे पाणी काढून, खडे व फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊन नवे पाणी भरण्यास सांगितले व आम्ही तसे केले. परवापासून लहान गोल्डफिशची शेपटी चिरल्यासारखी दिसते, उजव्या अंगावर वाटाण्याएवढ्या जागेतील खवले निघून तेथे गोल लालसर डाग पडला आहे आणि तो सारखा वर येऊन तोंडाची उघडझाप करतो. सासूबाई जखमेवर हळद लावू म्हणतात, दुकानातून निळे औषध मिळाले आहे आणि शेजारी मीठ घालण्यास सांगतात. टाकी सोप्यात आहे. तेथेच माझ्या जाऊबाई विड्या वळतात. मुलगा माशांना प्रेमाने चिरमुरे घालतो आणि आता त्या माशासाठी रोज रडतो. मासा वाचेल का? आम्ही काय करावे?
— एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : मासा वाचण्याची शक्यता पुष्कळ आहे, हे आपल्या मुलाला आजच सांगावे. माशाची जखम भरून येण्याची ताकद मोठी असते. लहान जखमेच्या कडेच्या पेशी सरकत येऊन एक-दोन दिवसांत तिच्यावर पातळ थर धरतात, गळालेले खवले पुन्हा येतात आणि शेपटीचा पर मुळापर्यंत गेलेला नसेल तर तोही पुन्हा वाढतो. मात्र हे सारे पाणी चांगले असेल तरच घडते, आणि आपले पत्र वाचून मला जखमेपेक्षा पाण्याचीच काळजी अधिक वाटली.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेले अन्न कुजून पाण्यात सतत अमोनिया मिसळत असतो. स्थिरावलेल्या जुन्या टाकीत स्पंजवर, खड्यांवर आणि काचेवर वाढलेले जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. यांपैकी पहिले दोन पदार्थ माशाला विषारी असतात, तर तिसरा बेताच्या प्रमाणात सोसतो. कोऱ्या स्पंजवर हे जिवाणू नसतात आणि ते रुजून पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या टाकीत पहिल्या संध्याकाळपासूनच पाच मासे होते, म्हणजे अमोनिया पहिल्या दिवशीच सुरू झाला आणि त्याला पचवणारे कोणी नव्हते. पाचव्या दिवशीचा दुधाळपणा हा अन्नाच्या अंशावर पोसलेल्या दुसऱ्याच जिवाणूंचा होता. तो काही दिवसांत आपोआप निवळला असता. सगळे पाणी उपसून, खडे आणि स्पंज क्लोरीनयुक्त पाण्याखाली धुतल्यामुळे जे थोडेफार उपयोगी जिवाणू रुजू लागले होते तेही गेले आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर आली. यात आपला दोष नाही, कारण आपणांस सांगण्यात आले ते आपण मनापासून केले. माझ्या पहिल्या टाकीचा स्पंज मीही असाच पांढराशुभ्र होईपर्यंत नळाखाली धुतला होता आणि आठवड्याच्या आत चारपैकी तीन मासे गमावले होते. ते कशाने गेले हे कळायला मला पुढे वर्ष लागले. आपल्या मुलावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे इतक्या विस्ताराने लिहितो.

मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करतो, त्याचे कारणही बहुधा हेच आहे. अमोनियाने कल्ले भाजल्यासारखे होतात आणि नायट्राइट रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते, त्यामुळे पाण्यात हवा असूनही माशाचा श्वास अपुरा पडतो. म्हणून आज सर्वांत आधी टाकीतील एक चतुर्थांश पाणी तळाकडून नळीने ओढून काढावे आणि तेवढेच तयार केलेले पाणी सावकाश घालावे. आपल्या मापाच्या टाकीत खडे धरून सुमारे ४५ लिटर पाणी मावते, म्हणजे रोज ११ ते १२ लिटर बदलावे लागेल. हा क्रम निदान तीन आठवडे, एक दिवसही न चुकवता, चालू ठेवावा. तयार पाणी म्हणजे क्लोरीन काढलेले पाणी. नळाचे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात हवेचा पंप लावून चोवीस तास ठेवले तर क्लोरीन निघून जातो. तातडी असेल तेव्हा दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे अँटी-क्लोरीन थेंब बाटलीवरील प्रमाणात घालावेत. पावसाळ्यात पाणी गढूळ येते तेव्हा क्लोरीनचे प्रमाण वाढवावे लागते, त्यामुळे या दिवसांत उन्हाळ्यातल्या अंदाजावर विसंबू नये. नवे पाणी हाताला टाकीतल्या पाण्याइतकेच कोमट किंवा गार लागले पाहिजे. त्यात दोन अंशांहून अधिक फरक नसावा.

ओळखीत कोणाकडे निरोगी माशांची, वर्ष-दोन वर्षे चाललेली टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधील स्पंजचा एक तुकडा मागून आणावा. तो त्यांच्याच टाकीतल्या पाण्यात भिजलेला ठेवून, वाळू न देता, शक्यतो तासाभरात आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. एवढ्या एका तुकड्याने कित्येक आठवड्यांची वाट वाचते. विरजणाशिवाय दही लागत नाही, हे आपल्या सासूबाईंना वेगळे सांगावे लागणार नाही. यापुढे स्पंज धुवायचा तो नळाखाली नव्हे, तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोन वेळा पिळून.

आता जखमी माशाकडे वळू. त्याला वेगळे ठेवावे. साबण कधीही न लागलेला, वीस लिटर पाणी मावेल असा प्लॅस्टिकचा टब घ्यावा, त्यात तयार पाणी भरून हवेचा दगड (पंपाच्या नळीच्या टोकाला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडावा आणि वर जाळी झाकावी, कारण गोल्डफिश उडी मारतो. माशाला कापडी जाळीने धरू नये. जाळीचे धागे जखमेला घासतात आणि उरलेले खवलेही ओढतात. एक वाडगा पाण्यात बुडवून माशाला त्यात हळूच वळवावे आणि पाण्यासकट उचलावे. टब अशा कोपऱ्यात ठेवावा की जिथे येता-जाता माणसांच्या सावल्या पडणार नाहीत. घाबरलेल्या माशाची ताकद पळण्यात जाते आणि जखम भरण्यास ती उरत नाही.

आपल्या शेजाऱ्यांनी मीठ सुचवले ते बरोबर आहे, मात्र ते मोजून घालावे. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात सभोवतालच्या पाण्यापेक्षा पुष्कळ अधिक क्षार असतात, त्यामुळे पाणी सतत त्याच्या शरीरात शिरू पाहते आणि क्षार बाहेर जाऊ पाहतात. धडधाकट माशाची त्वचा आणि तिच्यावरचा बुळबुळीत थर हे थोपवून धरतो. जिथे खवले निघाले आहेत तिथे ही भिंत फुटलेली असते आणि शरीरात शिरलेले जादा पाणी बाहेर टाकण्यात मासा थकून जातो. टबातल्या पाण्यात थोडे मीठ असले की ही ओढ कमी होते, शिवाय मिठातील क्लोराइडमुळे नायट्राइटचा कल्ल्यांतून होणारा शिरकावही घटतो. लिटरला दोन ग्रॅम हे प्रमाण गोल्डफिशला चांगले सोसते, म्हणजे वीस लिटरला ४० ग्रॅम. चमच्याच्या अंदाजाने न घालता साधे खडे मीठ किराणा दुकानातूनच तोलून आणावे. काळे मीठ मात्र कदापि नको. वीस ग्रॅम वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून आज घालावे आणि उरलेले वीस ग्रॅम बारा तासांनी. मिठाचा खडा थेट टबात पडला आणि मासा त्याला टेकला तर त्वचा भाजते.

टबाला फिल्टर नसल्याने त्यातले निम्मे पाणी, म्हणजे दहा लिटर, रोज बदलावे लागेल. येथे पुष्कळांची चूक होते. मीठ वाफेने उडत नाही, ते काढलेल्या पाण्याबरोबरच जाते, म्हणून नव्या दहा लिटरमध्ये वीस ग्रॅमच मिसळावे, पुन्हा चाळीस नव्हे. आठ-दहा दिवसांनी जखम मिटलेली दिसली की नव्या पाण्यात मीठ घालणे थांबवावे. रोजच्या पाणीबदलाने ते आपोआप कमी होत जाईल आणि माशाला एकदम बदल सोसावा लागणार नाही. मोठ्या टाकीत मीठ घालू नये. सकरला ते फारसे मानवत नाही आणि पाणवनस्पती लावल्या असतील तर त्याही कोमेजतात.

हळदीविषयी सासूबाईंना माझा नमस्कार सांगून एवढेच सांगावे, की माणसाच्या जखमेवर हळद टिकते, पाण्यातल्या जखमेवर ती टिकत नाही. ती लावण्यासाठी माशाला हातात धरावे लागेल आणि त्या धरण्याने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जाईल. तो थरच त्याचे खरे मलम आहे. निळे औषध बहुधा मेथिलीन ब्लू असावे. ते मोठ्या टाकीत टाकल्यास आपण ज्या जिवाणूंची वाट पाहत आहोत त्यांनाच ते मारते आणि काचेच्या सांध्यांतले सिलिकॉन कायमचे निळे होते. जखमेवर कापसाच्या पुंजक्यासारखी पांढरी बुरशी दिसली तरच ते टबात, बाटलीवरील प्रमाणात वापरावे. माणसांसाठीच्या प्रतिजैविकांच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये.

जखम कशाने झाली, हे आपण विचारले नाही, पण ते कळल्याशिवाय बरा झालेला मासा पुन्हा टाकीत सोडता येणार नाही. चिरलेली शेपटी हे टायगर बार्बचे काम असावे. हा मासा सहा-आठांच्या थव्यात राहणारा आहे. दोघेच ठेवले की आपसांतली चावाचावी ते लांब परांच्या, संथ माशावर काढतात. अंगावरचा गोल, खरवडल्यासारखा डाग मात्र मला सकरचा वाटतो. पुरेसे शेवाळ न मिळालेला सकर रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याच्या त्वचेवरचा थर खरवडून खातो. दिवा मालवून तासाभराने मंद बॅटरीने पाहिल्यास आपणांस ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसू शकेल. नव्या टाकीत शेवाळ जवळजवळ नसतेच, तेव्हा त्या बिचाऱ्या सकरचाही यात अपराध नाही. या तिन्ही जाती एकत्र ठेवणेच चूक होते. गोल्डफिशला थंड पाणी मानवते, बार्बला त्याहून कोमट लागते आणि सकर पुढे फूट-दीड फूट वाढतो. दोन्ही बार्ब आणि सकर दुकानात परत करावेत आणि तोवर मधे प्लॅस्टिकच्या जाळीचा आडपडदा घालून दुसऱ्या गोल्डफिशला सुरक्षित ठेवावे. दुकानदार घेत नसतील तर मोठी टाकी असलेल्या एखाद्या हौशी माणसाला द्यावेत, पण वेदगंगेत किंवा जवाहर तलावात सोडू नयेत. पाळीव टाक्यांतून सुटलेला सकर कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ भागांत आणि इतरही ठिकाणी पसरला आहे व तेथील देशी माशांच्या मुळावर आला आहे.

आपल्या पत्रातील जे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, ते जाऊबाईंच्या विड्यांविषयीचे. निपाणीत घराघरांतून हे काम चालते आणि त्यावर संसार चालतात, म्हणून ते हलवा असे मी म्हणणार नाही. टाकी मात्र हलवा. तंबाखूतील निकोटीन पाण्यात सहज विरघळते आणि माशांना ते विष आहे. काही देशांत मत्स्यतळ्यांत नवे बीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे आणि गोगलगायी मारण्यासाठी तंबाखूची भुकटी मुद्दाम वापरतात, यावरून तिचा जोर कळावा. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. सुपात तंबाखू घोळताना उडालेली बारीक धूळ त्या हवेबरोबर थेट टाकीत उतरते. विड्या वळलेले हात पाण्यात गेले तर तेही तितकेच वाईट. आपल्या माशाचा त्रास यानेच झाला असे मी म्हणत नाही, कारण अमोनियाचे कारण समोर स्पष्ट दिसते, पण जखमी माशावर हा दुसरा भार नको. टाकी आणि टब दोन्ही आतल्या खोलीत न्यावेत, पंपही तिथेच ठेवावा आणि टाकीचे काम ज्याने तंबाखूला हात लावलेला नाही अशाच माणसाने करावे. विड्या वळणाऱ्या कोणी करायचेच झाले तर साबणाने हात धुऊन, साबणाचा अंश उरणार नाही इतके पुन्हा साध्या पाण्याने धुऊन. टाकी भरलेली असताना हलवू नये, काचेचे सांधे सुटतात. पाणी तळापासून चार बोटे ठेवून बाकीचे स्वच्छ बादल्यांत काढावे, मासेही त्याच पाण्यात ठेवावेत आणि जागा बदलल्यावर तेच पाणी परत भरावे.

मुलाला चिरमुरे घालण्याची बंदी करावी लागेल. ते फुगतात, तळाला बसून कुजतात आणि अमोनिया वाढवतात. जखमी माशाला पहिला दिवस काहीच घालू नये. नंतर दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच गोळीखाद्य द्यावे आणि मधून एखाद्या दिवशी उकडून साल काढलेल्या मटाराचा लहान तुकडा द्यावा. मटार सोलण्याचे आणि रोज किती पाणी बदलले ते वहीत लिहिण्याचे काम मुलाकडेच द्यावे. त्याच्या रडण्यावर मला याहून चांगला उपाय सुचत नाही.

बरे होण्याच्या खुणा अशा. दोन-तीन दिवसांत लालसरपणा फिका होऊ लागतो. आठवड्या-दोन आठवड्यांत शेपटीच्या फाटक्या कडेला पारदर्शक, प्लॅस्टिकच्या कागदासारखी नवी पट्टी दिसते आणि तिच्यात रंग भरण्यास पुढे महिना-दोन महिने लागतात. या नव्या पट्टीला बुरशी समजून पुष्कळजण औषधे ओतू लागतात. बुरशी पाण्यात कापसासारखी हलते, नवी पट्टी काचेसारखी सपाट असते. जखमेभोवती काळा रंग आला तरी घाबरू नये, गोल्डफिशमध्ये भाजलेली किंवा खरवडलेली त्वचा भरून येताना असा काळेपणा पुष्कळदा दिसतो. शेपटीची कड पांढरी होऊन दिवसेंदिवस आखूड होत गेली, परांत रक्ताच्या रेषा उमटल्या किंवा जखमेभोवती करडी-पिवळी साय धरली, तर जिवाणूंचा संसर्ग झाला आहे असे समजून माशांवर उपचार करणारे पशुवैद्यक किंवा मत्स्य विभागातील जाणकार यांना जखमेचे छायाचित्र दाखवावे. अंग फुगून खवले फणसाच्या सालीसारखे उभे राहिले तर मात्र आशा थोडी असते. आपल्या माशाचे यांपैकी काहीही झालेले नाही.

पुढची गोष्ट आजच करावयाची नाही, पण सांगून ठेवतो. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो आणि वीतभर वाढतो. दोघांना ही टाकी फार तर वर्षभर पुरेल.

प्रश्न : जखमी मासा टबात वेगळा ठेवला आहे, पण खानापूर तालुक्यात आमच्या गावी पावसात रात्र-रात्र वीज नसते. पंप बंद पडल्यावर मासा तगेल का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तगेल, जर टब उथळ आणि पसरट असेल. पाण्याला हवा मिळते ती वरच्या पृष्ठभागातून, म्हणून उंच बादलीपेक्षा परातीसारखे पसरट भांडे रात्री अधिक सुरक्षित. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतो, तो घेऊन ठेवावा. तोही नसेल तर झोपण्यापूर्वी आणि पहाटे तांब्याने पाणी वीतभर उंचीवरून, माशापासून दूर, पंधरा-वीस वेळा ओतावे. वीज जाण्याची चिन्हे असतील त्या संध्याकाळी खाद्य घालू नये. मोठ्या टाकीतला डबाबंद फिल्टर (ज्याचा स्पंज झाकणबंद डब्यात असतो तो) रात्रभर बंद राहिला असेल तर वीज आल्याबरोबर तसाच चालू करू नये. आत कोंडलेले पाणी नासलेले असते, ते ओतून टाकावे, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळावा आणि मग चालू करावा.

प्रश्न : आमच्या परड्यात आड आहे. जखमी माशासाठी नळाऐवजी आडाचे पाणी चांगले का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : त्यात क्लोरीन नसतो हा फायदा खरा, परंतु पावसाळ्यात आडात ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर तो फायदा काही दिवस उरत नाही. आडातून ताज्या काढलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड अधिक असतो, म्हणून ते रात्रभर पंप लावून ठेवावे. त्याचा पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता) मोजावा तो या हवा दिलेल्या पाण्याचा. सात पीएचच्या पाण्यापेक्षा आठ पीएचच्या पाण्यात तेवढ्याच अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट असतो. आपल्या आडाचे पाणी आठच्या आसपास निघाले, तर नव्या टाकीत पाणीबदल अधिक काटेकोरपणे करावा लागेल. मासा आतापर्यंत नळाच्या पाण्यात असेल तर त्याला एकदम आडाच्या पाण्यात टाकू नये. पहिल्या दिवशी चौथा हिस्सा, दुसऱ्या दिवशी निम्मा, अशा बेताने चार दिवसांत बदल करावा आणि एकदा आडाचे पाणी सुरू केले की जखम भरेपर्यंत तेच ठेवावे.